रांगेतली दहावी खुर्ची

हजहून परतलेल्या माणसाला भेटायला गेलं की आमच्याकडे आधी जमजम आणि खजूर पुढे येतात, मग मक्का-मदिनेच्या गोष्टी. विमानाची गोष्ट अगदी शेवटी निघते आणि बहुतेक वेळा ती तक्रारीची असते. जाणारी माणसं बल्लारपूर, राजुरा, वडसा, अहेरी, आलापल्लीची. वय साठीच्या पुढचं आणि अनेकांचा आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. माझ्या खालांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "जहाज तो महल जैसा था बेटा, मगर अपनी जगा चारों के बीच में थी." वुजूसाठी उठायचं तर शेजारच्या झोपलेल्या बाईंना उठवावं लागे. दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा संकोच वाटला, मग उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या. नागपूर ते जेद्दा म्हणजे पाच-सहा तास.

महालाएवढं विमान आणि बसायला एवढीशी जागा, असं का? याचं उत्तर पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास आपल्या लोकांचाही आहे.

आधी एक नियम. विमानात चालण्याची वाट एकच असेल तर वाटेच्या एका बाजूला तीनपेक्षा जास्त खुर्च्या लावता येत नाहीत. म्हणजे रांगेला जास्तीत जास्त सहा. सातवी खुर्ची हवी असेल तर दुसरी वाट काढावी लागते, आणि दुसऱ्या वाटेसाठी विमानाचं अंगच रुंद करावं लागतं. हेच ते वाइड-बॉडी. पहिलं वाइड-बॉडी बोइंग ७४७, म्हणजे आपलं 'जम्बो'. २२ जानेवारी १९७० रोजी पॅन अ‍ॅम कंपनीनं ते न्यूयॉर्क-लंडन मार्गावर प्रवाशांसाठी सुरू केलं.

जम्बोची रुंदी माणसांना मोजून ठरली नव्हती. त्या काळी सगळ्यांची खात्री होती की लवकरच आवाजाहून वेगवान विमानं येतील, माणसं त्यांतून जातील आणि जम्बोला शेवटी माल वाहावा लागेल. म्हणून आठ फूट रुंदीच्या दोन मालपेट्या शेजारी-शेजारी मावतील एवढं त्याचं अंग ठेवलं गेलं. नाक उघडून माल भरता यावा म्हणून वैमानिकाची खोली वर चढवली, आणि त्यातून तो ओळखीचा कुबड आला. आतून सुमारे सहा मीटर रुंदी मिळाली ती अशी, खोक्यांच्या मापानं. पुढे एअरबस ए-३०० आलं तेव्हाही खाली पोटात दोन ठरावीक पेट्या शेजारी-शेजारी बसाव्यात, हा हिशेब होताच.

या सहा मीटरमध्ये सुरुवातीला इकॉनॉमीच्या रांगेत नऊ खुर्च्या होत्या. एका बाजूला तीन, मधे चार, दुसऱ्या बाजूला दोन. मागची आणि पुढची खुर्ची यांत ३४ इंचांच्या आसपास अंतर. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी बैठकीची खोली. अमेरिकेत तर एवढ्या मोठ्या विमानांना पुरतील इतके प्रवासीच सुरुवातीला मिळेनात, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं काही खुर्च्या काढून इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी बैठक केली आणि तिथे चक्क पियानो ठेवला. त्या काळी विमानाचं भाडं बहुतेक ठिकाणी ठरवून दिलेलं असे. कमी भाडं लावून गिऱ्हाईक ओढता येत नव्हतं, म्हणून कंपन्या पाय पसरायला जागा देऊन ओढत.

आपल्याकडे पहिलं जम्बो १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत उतरलं. नाव 'एम्परर अशोक'. एअर इंडियाचे अध्यक्ष तेव्हा जे. आर. डी. टाटा होते. कंपनीनं खिडक्यांभोवती बाहेरून लाल झरोके रंगवले आणि जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हटलं. पुढच्या विमानांना शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य अशी नावं दिली. खालांच्या तोंडी 'महल' हा शब्द आपसूक आला असेल, पण कंपनीच्या मनातही तोच होता.

मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध झालं, तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. जम्बोची चार इंजिनं तेल कशी पितात ते कंपन्यांना तेव्हा जाणवलं. विमानाचं अंग वाढवता येत नव्हतं, खुर्ची बारीक करता येत होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जम्बोंत नऊच्या दहा झाल्या, तीन-चार-तीन. खुर्चीची बैठक सतरा इंचांच्या घरात आली. पियानो गेला, बैठकीच्या खोल्या गेल्या, तिथेही खुर्च्या आल्या. १९७८ मध्ये अमेरिकेनं देशांतर्गत भाड्यांवरचं नियंत्रण उठवलं आणि तिथली स्पर्धा जागेवरून भाड्यावर आली. बाकी जगानंही पुढे तीच वाट धरली.

या गोष्टीची दुसरी बाजू विमानांच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते. ज्या तेलाच्या भावानं दहावी खुर्ची आणली, त्याच तेलाच्या पैशानं दुबई, कुवेत, जेद्दा, दम्माम इथे रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहू लागल्या आणि कामाला माणसं हवी झाली. कोकणातल्या मुस्लिम गावांतून, केरळातून, हैदराबादहून माणसं निघाली. काही वर्षांनी आमच्याकडचेही वेल्डर, ड्रायव्हर, मेस्त्री त्यांच्या मागोमाग गेले. दहावी खुर्ची एका हातानं तेलानं लावली आणि दुसऱ्या हातानं तिच्यात आपला माणूस बसवला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'एम्परर अशोक' मुंबईहून उडाल्यावर काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. ते दुबईला निघालं होतं. महाल म्हणून आलेलं विमान सातच वर्षांत आखाताच्या वाटेवर धावत होतं. १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना दोनेक महिन्यांत विमानांनी परत आणलं गेलं. तेव्हा दोन रांगांत किती इंच अंतर आहे, हे कुणी विचारलं नसेल.

म्हणून दहाव्या खुर्चीला नुसता लोभ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नऊच्या जागी दहा माणसं बसली की प्रत्येकाच्या वाट्याचं तेल कमी होतं. भाडं उतरलं नसतं तर हजला किंवा सौदीला विमानानं जाणं ही आमच्या भागात फक्त लाकडाच्या ठेकेदारांची गोष्ट राहिली असती. हजची जहाजं आठवणारे लोक अजून आहेत. मुंबईहून मोगल लाइनची जहाजं जेद्दाला जात, आठवडाभराचा प्रवास, गरीब हाजी डेकवर पथारी टाकून. १९९५ मध्ये तो समुद्रमार्ग बंद झाला आणि सगळी भिस्त विमानावर आली. डेकवर माणूस पाय पसरून झोपू शकत होता, हे खरं. उलट्याही तिथेच करत होता, हेही खरं.

पण लोभ कुठे सुरू होतो, तेही दाखवता येतं. त्यासाठी रांगेचं गणित करू. ज्या खुर्चीला ना खिडकी ना वाट, ती मधली खुर्ची. बोइंग ७६७ हे १९८२ चं विमान, त्यात दोन-तीन-दोन. सातांत एकच मधली. १९७४ मध्ये आलेलं ए-३०० हे दोन-चार-दोन, आठांत दोन मधल्या. इंडियन एअरलाइन्सनं १९७६ मध्ये ती विमानं घेतली आणि मुंबई-दिल्ली करणाऱ्या लोकांना बरीच वर्षं ती सवयीची होती. नवरा-बायको दोघं एका कडेला बसली की तिसरं कुणी नाही. डीसी-१० हे विमानही सुरुवातीला असंच आठांचं होतं. नंतर त्यात दोन-पाच-दोन आलं. पाचांतल्या बरोबर मधल्या माणसाला कुठूनही बाहेर पडायचं तर दोघांना उठवायचं. माणसाला शिक्षा देण्यासाठी मुद्दाम रचना करायची ठरवली असती तर याहून चांगली सुचली नसती. तीन-तीन-तीनमध्ये नवांत तीन मधल्या. तीन-चार-तीनमध्ये दहांत चार. म्हणजे सात खुर्च्यांवरून दहांवर जाताना खुर्च्या तीन वाढल्या आणि मधल्याही तीनच वाढल्या. नवी खुर्ची नेहमी मधलीच येते, कारण खिडक्या दोनच आणि वाटाही दोनच.

दोघांच्या बाकावर तिसरा मुलगा बसवावा लागला की काय होतं, ते मी वर्गात रोज बघतो. मधल्याचा उजवा हात लिहिताना अडकतो, आणि मधला कायम तोच असतो जो उशिरा आला किंवा जो बोलत नाही.

१९९५ मध्ये बोइंग ७७७ सेवेत आलं तेव्हा ते नवांचं विमान समजलं जात होतं. आतली रुंदी जम्बोपेक्षा कमी, साधारण ५.८७ मीटर, आणि बैठक अठरा इंचांच्या वर. पुढे एमिरेट्ससारख्या कंपन्यांनी त्यात तीन-चार-तीन लावलं आणि हळूहळू तोच रिवाज झाला. बैठक सतरावर आली. जम्बोत दहा बसवले तेव्हा तेलाचं संकट हे कारण तरी होतं. इथे कारण एवढंच, की शेजारच्यानं लावली. ७८७ ड्रीमलायनरची गोष्ट तशीच. त्याची रुंदी आठ खुर्च्यांना ऐसपैस होती. जपान एअरलाइन्सनं दोन-चार-दोन ठेवलं, बहुतेकांनी नऊ बसवल्या. एअर इंडियाकडे २०१२ मध्ये ड्रीमलायनर आलं ते तीन-तीन-तीनच, एकूण २५६ आसनांचं. २०१३ मध्ये एअरबसनं लांबच्या प्रवासात अठरा इंचांची खुर्ची हाच किमान दर्जा असावा, असं जगाला बजावलं. त्यानंतर काही वर्षांनी त्याच एअरबसनं ए-३५० च्या आतल्या भिंती पातळ करून चारेक इंच मिळवले. आता त्यात कंपनीला दहा बसवता येतात.

पुढच्या-मागच्या अंतराचं तर आणखी सोपं. विमानाच्या फरशीत लांबट पट्ट्या असतात, त्यांत एकेका इंचावर भोकं, आणि खुर्च्या त्यांत अडकवलेल्या. ३४ वरून ३१ वर यायला नवं विमान लागत नाही, खुर्च्या पुढे सरकवल्या की झालं. मग पाठ पातळ करायची, मासिकांचा कप्पा गुडघ्यापासून वर न्यायचा, आणि प्रवाशाला फरक जाणवणार नाही असं म्हणायचं. हे बघायला लांब जायलाही नको. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं एअर इंडियासाठी बांधून दिलेलं देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. ७७७ आणि ७८७ तिथे येतात. चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटरवर. आमच्याकडे मोरव्याची छोटी धावपट्टी आहे खरी, पण तिचा या गोष्टीशी संबंध नाही.

एसटीत आमच्या लोकांनी उलटा प्रवास पाहिलाय. जुन्या लाल गाडीत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. १९८२ नंतर 'एशियाड' गाड्या आल्या त्या दोन-दोनच्या, आणि पुढे साध्या गाड्यांतही दोन-दोन येत गेलं. म्हणजे सिरोंच्याहून निघालेल्या माणसाला एसटीत पूर्वीपेक्षा रुंद बाक मिळतो आणि विमानात पूर्वीपेक्षा अरुंद.

हजचा प्रवासी यात सगळ्यांत हतबल. हज कमिटीमार्फत जाणारा माणूस विमान कंपनी निवडत नाही, ते निविदेतून ठरतं. प्रत्येक प्रस्थान केंद्राचं भाडं वेगळं, छोट्या केंद्राचं सहसा जास्त. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हजची सबसिडी दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि सरकारनं ती २०१८ मध्येच बंद केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज आहे. पण आता पूर्ण भाडं स्वतःच्या खिशातून देणाऱ्या माणसानं निविदेत खुर्चीची रुंदी आणि रांगेची रचना लिहा, असं म्हणायला काय हरकत आहे? खाणं किती, सामान किती किलो, हे आपण विचारतो. सत्तरीतल्या बाईला वाटेलगतची जागा मिळेल का, हे विचारत नाही. माणूस एहरामच्या न शिवलेल्या दोन कापडांत बसलेला असतो, गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले, आणि कुणालाही त्रास द्यायचा नाही असं मनाशी ठरवून निघालेला. म्हणून तो बोलत नाही.

नमाजच्या सफमध्येही आम्ही खांद्याला खांदा लावूनच उभे राहतो, फट राहू देत नाही. तिथे दाटी खुपत नाही. पण तिथे पहिल्या सफेला जादा पैसे लागत नाहीत आणि जो आधी येईल तो पुढे उभा राहतो.

विमानात ते तसं नाही, हे आता छापूनच मिळतं. जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियाचं ए-३५० सेवेत आलं, ३१६ आसनांचं. त्यातली २८ बिझनेसची. इकॉनॉमीची २६४, रांगेला नऊ. आणि मधे एक नवा वर्ग, प्रीमियम इकॉनॉमी, २४ खुर्च्यांचा. त्यातली रचना दोन-चार-दोन. इंडियन एअरलाइन्सच्या ए-३०० मध्ये साध्या तिकिटावर जी मिळायची, तीच.