लोखंडी नांगराचे कर्ते : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकरी बांधवांत होता. त्यांचा तरी काय दोष? एका हंगामावर साऱ्या घराचे वर्षाचे पोट! म्हणूनच बेळगावात कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी घडविलेला पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. रंग ओळखण्यात दृष्टी अधू, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांकडे वळले होते. नांगर मात्र त्यांनी सोडला नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर पत्नी राधाबाई, मुलेबाळे व कामगारांची कुटुंबे यांसह त्यांनी कारखाना आणि संसार एकत्रच थाटला. तीच किर्लोस्करवाडी. तेथे शिवाशीव पाळावयाची नाही, हा त्यांचा दंडक होता.