आजेसासूबाईंची दोन नावं



परदेशातल्या पुतण्याने घराण्याची ऑनलाइन वंशावळ पाठवली. कौतुकाने उघडली, तर आजेसासऱ्यांच्या नावापुढे दोन बायका! एक अक्कव्वा, दुसरी पद्मावती. अक्कव्वाच्या खाली मूलबाळ नाही, पद्मावतीच्या खाली पाच मुलं. उद्या नातवंडं म्हणतील, पहिलीला मूल होईना म्हणून दुसरी केली. माझ्या मनाला ते फार लागलं. कारण बाई एकच होती. अक्कव्वा माहेरचं नाव, पद्मावती सासरचं. माहेरच्यांनी एक भरलं, आमच्या पुतण्याने दुसरं.

असं का होतं? कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या आपल्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांत झाल्या. १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण लेकी-सुना येतजात राहिल्या. त्यामुळे तिकडची नोंद कन्नड लिपीत, इकडची बाळबोधीत आणि जुने कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. आचार्य शांतिसागर महाराजांचंच (१८७२–१९५५) पाहा ना, त्यांचं गृहस्थाश्रमातलं नाव कुठे सातगौडा, कुठे सातगोंडा असं लिहिलेलं दिसतं. त्यात भर इंग्रजीची. तिथे 'ळ' आणि 'ण' नाहीत. पुतण्याने नावं इंग्रजीत भरली, यंत्राने ती परत देवनागरीत आणली आणि आमचे बाळगोंडा 'बालगोंडा' झाले, अण्णा 'अन्ना' झाले.

मी बी.कॉम. झालेली. खतावणीत चूक सापडली तर खोडाखोड करायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद करून खाली खुलासा लिहायचा, हे आम्हाला शिकवलेलं. इथेही तेच केलं. कन्नड नाव कन्नड लिपीतच ठेवलं. भाषेच्या रकान्यात इंग्रजी होतं, ते बदललं. खाली बाळबोधीत तेच नाव लिहिलं. अण्णा, अक्का, ताई ही हाकेची नावं वेगळ्या रकान्यात टाकली.

दोघींना एक करायची मात्र घाई केली नाही. सारख्या नावाच्या दोन बायका एक झाल्या, तर तोही खोटेपणाच. आधी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्येसासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, आजोळी आईला सगळे अक्कव्वाच म्हणायचे. पद्मावती म्हटलं तर कुणाला कळायचंही नाही." मग आजोळच्या वहीतलं पान मागवलं. वडिलांचं नाव, गाव, दिलेलं घर, सगळं जुळलं. आमच्या माळ्यावरच्या पितळी घागरीवर 'सौ. पद्मावती' कोरलेलं आहे, त्याचाही फोटो जोडला. मगच दोन नोंदी एक केल्या आणि कारण लिहून ठेवलं.

आता तिथे एकच बाई आहे, दोन नावांची, पाच लेकरांची आई.

आपल्यापैकी कितीजणींची नावं लग्नात बदलली! माहेरचं नाव आपल्याबरोबर पुसलं जातं. म्हणून सांगते, या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी एवढं करा. आईचं, सासूबाईंचं, आजीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव एका वहीत लिहा. ज्या लिपीत सापडेल त्याच लिपीत लिहा. सांगणाऱ्या आत्या, मावश्या आहेत तोवरच हे होईल.