वेगमर्यादेचा खटला आणि वकिलाविना बचाव : इंग्लंडमधील एका दुर्लक्षित न्यायपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

फौजदारी न्यायाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने खून, राजद्रोह आणि दरोडा यांसारख्या गंभीर खटल्यांकडे जाते. सामान्य नागरिकाचा न्यायालयाशी जो संबंध येतो, तो मात्र बहुधा क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यांच्या निमित्ताने येतो. वाहन ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने चालविल्याचा आरोप हा त्यांपैकीच एक होय. दंडाची रक्कम लहान आणि वकिलाचे शुल्क मोठे असल्यामुळे अशा खटल्यात आरोपीने स्वतःच उभे राहून बाजू मांडावी, हे ओघानेच येते. प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील वेगमर्यादेच्या कायद्याचा १८९६ पासूनचा प्रवास या एका दृष्टिकोनातून तपासला आहे. वकिलाविना बचाव करण्याचा हक्क या काळात कागदोपत्री अबाधित राहिला, काही बाबतींत तो विस्तारलाही. परंतु वेगाचा पुरावा माणसाच्या साक्षीकडून यंत्राच्या नोंदीकडे सरकत गेला, तसतसा त्या हक्काचा प्रत्यक्ष आशय आक्रसत गेला, असे प्रतिपादन येथे केले आहे. भारतीय मोटार वाहन कायद्याची जडणघडण इंग्रजी कायद्याच्या छायेत झाली असल्याने या इतिहासाचे आपल्याकडील महत्त्वही शेवटी नमूद केले आहे.

१. पहिला खटला आणि न बोलू शकणारा आरोपी

१८६५ च्या लोकोमोटिव्ह कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल अशी मर्यादा घातली होती. हा कायदा वाफेच्या अवजड यंत्रांसाठी केलेला होता; परंतु पेट्रोलवर चालणारी हलकी मोटार आली तेव्हा तिलाही तोच लागू झाला. केंट परगण्यातील पॅडक वुड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड याने ताशी सुमारे ८ मैल वेगाने आपली मोटार नेली. सायकलवर बसून एका पोलीस शिपायाने तिचा पाठलाग केला. २८ जानेवारी १८९६ रोजी अर्नोल्डला दोषी ठरविण्यात आले आणि वेगाच्या आरोपाबद्दल १ शिलिंग दंड झाला. ब्रिटनमधील वेगमर्यादाभंगाची ही पहिली शिक्षा मानली जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा अमलात येऊन मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढविण्यात आली; प्रशासकीय नियमाने ती प्रत्यक्षात १२ मैल ठेवली गेली.

या काळातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १८४८ च्या संक्षिप्त न्यायविषयक कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिलेल्या आरोपीला आपला संपूर्ण बचाव मांडण्याची मुभा होती. परंतु काही अपवाद वगळता फौजदारी खटल्यातील आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नव्हती. तो युक्तिवाद करू शके, विरोधी साक्षीदाराला प्रश्न विचारू शके. पण 'माझी गाडी इतक्या वेगाने नव्हती' हे त्याचे म्हणणे पुरावा ठरत नसे. १८९८ च्या फौजदारी पुरावा कायद्याने ही उणीव दूर केली आणि आरोपी हा आपल्याच बाजूचा सक्षम साक्षीदार ठरला. मोटारयुगाचा आरंभ आणि आरोपीच्या मुखाला मिळालेली ही मोकळीक जवळजवळ एकाच वेळी घडली, हा योगायोग या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२. साक्षीचे युग : स्टॉपवॉच आणि उलटतपासणी

१९०३ च्या मोटार कार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल केली. पहिल्या गुन्ह्यासाठी १० पौंड, दुसऱ्यासाठी २० पौंड आणि त्यापुढे ५० पौंड अशी दंडाची कमाल रक्कम ठरली. त्या काळातील वेतनमान पाहता ही रक्कम किरकोळ नव्हती. मात्र याच कायद्याच्या नवव्या कलमात आरोपीला एक मौलिक संरक्षण देण्यात आले. केवळ एका साक्षीदाराच्या वेगाविषयीच्या मतावर विसंबून कोणालाही २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरवू नये, अशी ती तरतूद होती. धावत्या वाहनाचा वेग नुसत्या डोळ्यांनी अजमावणे किती अविश्वसनीय आहे, याची संसदेला त्या वेळीच जाणीव होती असे यावरून दिसते.

या तरतुदीतून पोलिसांची सापळापद्धती अधिक रूढ झाली. मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना कुंपणाआड शिपाई उभे राहत आणि स्टॉपवॉचवर गाडीला लागलेला वेळ टिपत. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सायकलस्वारांनी चालकांना या सापळ्यांची पूर्वसूचना देण्यास सुरुवात केली. १९१० मधील बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या प्रकरणात न्यायालयाने, वेगमर्यादा मोडत असलेल्या चालकांना अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय दिला.

या युगातील सुनावणीचे स्वरूप आज नवलाचे वाटेल असे होते. न्यायनिवाडा करणारे दंडाधिकारी बहुतांशी कायद्याचे पदवीधर नसत. ते परिसरातील प्रतिष्ठित नागरिक असत आणि कायद्याच्या मुद्द्यांवर त्यांना लिपिकाचा सल्ला मिळे. किरकोळ खटल्यांत फिर्यादीची बाजू अनेकदा पोलीस अधिकारीच मांडत असे. त्यामुळे आरोपी वकिलाविना उभा राहिला, तर खोलीतील तिन्ही पक्ष कायद्याच्या व्यवसायाबाहेरचे असत. १८३१ च्या कोलियर विरुद्ध हिक्स या प्रकरणात, कोणत्याही पक्षकाराला सोबत मित्र आणता येतो, त्या मित्राने टिपणे घ्यावीत आणि हळू आवाजात सल्ला द्यावा, असे तत्त्वही मांडले गेले होते. अंतर कोणी मोजले, घड्याळ केव्हा तपासले, दोन शिपायांमध्ये इशारा कसा झाला, हे प्रश्न कोणताही सुजाण मनुष्य विचारू शकत होता. त्यासाठी कायद्याची पदवी आवश्यक नव्हती.

३. १९३० ते १९३५ : सूचना, दिव्याचे खांब आणि मृत्यूंची संख्या

१९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने सामान्य मोटारींवरील वेगमर्यादाच रद्द केली. त्याच वेळी काही वाहतूक गुन्ह्यांच्या बाबतीत, संभाव्य खटल्याची सूचना आरोपीला जागेवरच किंवा चौदा दिवसांच्या आत मिळाली पाहिजे, असा नियम घालून दिला. स्वतःचा बचाव स्वतः करणाऱ्याच्या दृष्टीने हा नियम फार मोलाचा होता. घटना स्मरणात ताजी असताना रस्ता पाहणे, सोबतच्या प्रवाशाला विचारणे आणि पुरावा गोळा करणे त्यामुळे शक्य झाले.

वेगमर्यादा उठविण्याचा प्रयोग फार काळ टिकला नाही. १९३४ या एकाच वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणली आणि ती मार्च १९३५ पासून लागू झाली. आरोपीच्या हक्कांचा विचार करताना ही संख्या दृष्टीआड करता येत नाही. वेगाचा कायदा हा शासनाचा हट्ट नव्हता, तर त्यामागे हजारो कुटुंबांचे दुःख होते.

या कायद्यात वस्तीचा भाग ओळखण्याची खूण म्हणून रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांमधील अंतर घेण्यात आले. ते २०० यार्डांपेक्षा अधिक नसावे, अशी अट होती. फलक योग्य जागी होता काय आणि खांबांत किती अंतर होते, हे आरोपी स्वतः मोजपट्टी घेऊन पडताळू शकत होता. बचावाचा मुद्दा रस्त्यावर, सर्वांच्या नजरेसमोर उपलब्ध होता.

४. यंत्राचा प्रवेश

एका साक्षीदाराच्या मताविषयीचा निर्बंध कायद्यात कायम राहिला. तथापि त्याचा अर्थ बदलत गेला. १९५० मधील निकोलस विरुद्ध पेनी या प्रकरणात, पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या स्पीडोमीटरवर पाहिलेला आकडा हे निव्वळ मत नसून वस्तुस्थितीविषयीचा पुरावा आहे, असे ठरले. त्या स्पीडोमीटरची अचूकता तपासल्याचा पुरावा नसतानाही एका अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानता येईल, असा त्याचा परिणाम झाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रडारचा वापर सुरू झाला, तर १९९० च्या दशकात स्वयंचलित कॅमेरे रस्त्यावर आले. १९८८ च्या रस्ते वाहतूक गुन्हेगार कायद्याच्या विसाव्या कलमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने, शासनाने मान्यता दिलेल्या प्रकारच्या उपकरणाची नोंद व तिच्यावरील स्वाक्षरीत प्रमाणपत्र पुराव्यात ग्राह्य धरले.

या कलमात आरोपीसाठी संरक्षणही आहे. त्या दस्तऐवजाची प्रत सुनावणीच्या किमान सात दिवस आधी त्याला मिळाली पाहिजे. आणि स्वाक्षरी करणाऱ्याने प्रत्यक्ष हजर राहावे, अशी मागणी तो किमान तीन दिवस आधी करू शकतो. परंतु ही मुदत ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी होते. पूर्वी कुंपणाआडच्या शिपायाला प्रश्न विचारण्यासाठी न्यायालयात हजर असणे पुरे होते. आता यंत्रामागील माणसाला समोर आणण्यासाठी कलमाचे ज्ञान लागते. शिवाय माणूस समोर आला तरी उपकरणाच्या अंतर्गत रचनेविषयी अर्थपूर्ण प्रश्न विचारणे तज्ज्ञाच्या साहाय्यावाचून कठीणच असते.

कॅमेऱ्यामुळे आणखी एक प्रश्न उद्भवला. छायाचित्रात गाडी दिसते, चालक दिसेलच असे नाही. १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या १७२ व्या कलमाने गाडीच्या नोंदणीकृत धारकावर चालकाचे नाव कळविण्याचे बंधन घातले. आपणच चालवीत होतो हे सांगण्याची सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे काय, हा प्रश्न ओहॅलोरन आणि फ्रान्सिस विरुद्ध युनायटेड किंगडम या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे गेला. २९ जून २००७ रोजी त्या न्यायालयाने १५ विरुद्ध २ मतांनी हक्कभंग झाला नसल्याचा निर्णय दिला. वाहन बाळगणारा मनुष्य त्या वाहनासोबत येणारी काही नियामक बंधनेही स्वीकारतो, असे त्यामागील एक प्रमुख सूत्र होते. १८९८ मध्ये आरोपीला बोलण्याची मुभा मिळाली होती. शंभर वर्षांनंतर एका विशिष्ट प्रश्नापुरते मौन पाळण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडून गेले.

५. न्यायकक्षापासून टपालाकडे

पुराव्याबरोबरच सुनावणीचे स्वरूपही पालटले. १९५७ च्या दंडाधिकारी न्यायालय कायद्याने किरकोळ गुन्ह्यांत टपालाने गुन्हा कबूल करण्याची सोय केली. पुढे निश्चित दंडाची पद्धत वेगमर्यादाभंगालाही लागू झाली. १९८६ मध्ये स्वतंत्र अभियोग सेवा कार्यरत झाली आणि लढविल्या जाणाऱ्या खटल्यांत शासनाच्या बाजूने व्यावसायिक वकील उभा राहू लागला. आरोपीच्या बाजूची स्थिती मात्र सुधारली नाही. वेगमर्यादाभंगास कारावास नसल्यामुळे शासकीय विधिसाहाय्य सहसा मिळत नाही. शिवाय २०१२ च्या सुधारणेनंतर निर्दोष सुटलेल्या आरोपीलाही दंडाधिकारी न्यायालयातील खासगी वकिलाचा खर्च मर्यादित दरापलीकडे परत मिळेनासा झाला. २०१५ च्या कायद्याने आरोप न नाकारणाऱ्यांची प्रकरणे एकाच दंडाधिकाऱ्याने कागदपत्रांवरून निकाली काढण्याची पद्धत सुरू केली. आरोप नाकारून न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झालेला नाही. पण बहुसंख्य प्रकरणे त्या दारापर्यंत पोहोचू नयेत, अशीच व्यवस्थेची रचना झाली.

६. भारतीय संदर्भ

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८३ पाहिल्यास १९०३ च्या इंग्रजी तरतुदीचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. केवळ एका साक्षीदाराच्या मतावर अतिवेगाची शिक्षा देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मात्र ते मत उपकरणाच्या साहाय्याने काढलेल्या अंदाजावर आधारित असल्यास हा निर्बंध लागू होत नाही. इंग्लंडमध्ये जे न्यायनिर्णयांतून क्रमाने घडले, ते येथे अपवादाच्या रूपाने कायद्यातच आले. कलम १३३ नुसार वाहनमालकाने चालकाची माहिती देणे बंधनकारक आहे, तर कलम २०८ मध्ये पत्राद्वारे गुन्हा कबूल करण्याची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी किमान १,००० आणि कमाल २,००० रुपये दंड ठरविला. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम समाविष्ट करण्यात आला. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे आणि पंधरा दिवसांत सूचना पाठवावी, अशा अटी त्याने घातल्या. महाराष्ट्रात मोबाईलवर ई-चलनाचा संदेश येणारा वाहनधारक या संपूर्ण परंपरेच्या अखेरच्या टोकावर उभा आहे. त्याच्या हाती येते ते छायाचित्र आणि रक्कम. उपकरणाच्या प्रमाणपत्राबाबत विचारणा करता येते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वकिलाविना बचावाचा हक्क इंग्लंडमध्ये कधीही काढून घेतला गेला नाही. परंतु हक्क असणे आणि तो वापरता येण्याजोगा असणे, यांत अंतर पडत गेले.

२) पुरावा जोपर्यंत शिपाई, घड्याळ आणि रस्ता यांवर अवलंबून होता, तोपर्यंत सामान्य माणूस तो आपल्या अनुभवाच्या बळावर तपासू शकत होता. पुरावा बंदिस्त यंत्रात गेल्यावर कायद्याने दिलेल्या मुदती, सूचना आणि प्रमाणपत्रे हीच त्याची उरलेली साधने ठरली.

३) यंत्राने मनमानीला आळा घातला, हेही मान्य केले पाहिजे. शिपायाचा पूर्वग्रह कॅमेऱ्याला नसतो, आणि १९३४ मधील मृत्यूंची संख्या पाहता कठोर अंमलबजावणीची निकड नाकारता येत नाही.

४) म्हणूनच कायद्याने आरोपीला केवळ दंडाची रक्कम न कळविता, पुरावा कशावर उभा आहे आणि तो कोणत्या मुदतीत तपासता येईल, हेही त्याच्या भाषेत कळविणे न्यायाला धरून होईल.

दंड भरणारे पुष्कळ असतात. प्रश्न विचारणारा एखादाच असतो. मात्र त्या एखाद्याला प्रश्न विचारता येतो, या विश्वासावरच इतरांनी भरलेल्या दंडाची न्याय्यता अवलंबून असते. १९०३ च्या संसदेने एका साक्षीदाराच्या शब्दावर जो अविश्वास दाखविला, तो पोलिसांचा अवमान नव्हता. तो सामान्य आरोपीच्या प्रश्नाचा सन्मान होता.