तळटीप : ‘शेकाने गाठ जळते’

हे वाक्य पिंपळगाव राजाहून (ता. खामगाव) उपचारासाठी मुंबई गाठणाऱ्या निवेदकाचे. प्रत्यक्षात काही जळत नाही. ‘शेक’ म्हणजे किरणोपचार; त्याच्या रोजच्या २ ग्रे मात्रेने पेशीचे तापमान जाणवण्याइतकेही वाढत नाही. घाव बसतो तो क्रोमॅटिनवर. पेशीतला सुमारे २ मीटर डीएनए हिस्टोन प्रथिनांवर, रिळावर सूत गुंडाळावे तसा, बसवलेला असतो; ही गुंडाळी म्हणजेच क्रोमॅटिन. १ ग्रे मात्रेला त्याचे दोन्ही पदर साधारण ४० ठिकाणी एकदम तुटतात. काही मिनिटांतच तुटीभोवतीच्या ‘एच-टू-ए-एक्स’ हिस्टोनवर फॉस्फेटची खूण चढते, गुंडाळी तिथे सैल होते आणि दुरुस्तीची प्रथिने आत शिरतात. गाठीतल्या पेशींची ही दुरुस्ती अनेकदा अर्धवट राहते. मग विभाजनाच्या वेळी त्या मरतात. पण मेलेल्या पेशीचे क्रोमॅटिनही निरुपद्रवी नसते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडले, की अशा पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे कण शेजारच्या निरोगी पेशींत घुसून तिथल्या डीएनएलाही इजा करतात. किरण न लागलेल्या पेशींनाही झळ का पोहोचते, याचे हे एक उत्तर; एकमेव नव्हे.