स्पितीतल्या कोमिकला जाताय? आधी काझाला दोन रात्री काढा

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात कोमिक नावाचं छोटंसं गाव आहे. उंची सुमारे ४,५८७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळपास पावणेतीन पट! स्पितीचं मुख्य ठिकाण असलेल्या काझाहून गाडी थेट गावापर्यंत जाते. घोळ इथेच होतो. गाडी तासाभरात वर पोहोचते, शरीराला मात्र तेवढ्या वेळात सवय होत नाही.

त्रास का होतो?
इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ५७ टक्केच ऑक्सिजन मिळतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही पहिली लक्षणं. तरुण असाल, दर रविवारी गड चढत असाल, तरीही हा त्रास होऊ शकतो.

कोणत्या रस्त्याने जावं?
मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे काझा जवळ पडतं, पण एकाच दिवसात सुमारे २,००० मीटरवरून ३,६०० मीटरच्या वर मुक्कामाला जावं लागतं. शिवाय हिवाळ्यात ही खिंड बर्फामुळे बंद असते. पहिल्यांदाच जात असाल तर शिमल्याहून किन्नौरमार्गे जा. कल्पा, ताबो आणि मग काझा असे मुक्काम केले की उंची हळूहळू वाढते. काझाला दोन रात्री काढून कोमिक दिवसा बघा आणि मुक्कामाला खाली या.

डोकं दुखायला लागलं तर?
आणखी वर जाऊ नका. विश्रांती घ्या, पाणी प्या, दारू टाळा. त्रास वाढत गेला तर लगेच खाली उतरा. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्याजागी धाप लागणं ही जिवावर बेतणारी लक्षणं आहेत. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी तर नक्कीच विचारावं.

सोबत काय घ्याल?
रोख पैसे घ्या आणि गाडीची टाकी काझालाच भरा, वरच्या गावांत पेट्रोल पंप नाही. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मुक्कामाचं ठिकाण घरी आधीच कळवा. उन्हाळ्यातही जाड जॅकेट, कानटोपी आणि गॉगल हवेच.

गावात वागताना
इथली शेती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर चालते, त्यामुळे पाणी जपून वापरा. अनेक घरांत कोरडे संडास असतात. त्यात पाणी न ओतता माती किंवा राख टाकायची. त्याचंच पुढे शेतासाठी खत होतं, म्हणून प्लास्टिक, वेट वाइप्स किंवा सॅनिटरी पॅड त्यात टाकू नका. तो कचरा पिशवीत भरून आपल्यासोबत परत न्या.