परदेशी शिकायला जाताय? बॅगांच्या वजनाची बेरीज कामाची नाही!

भारतातून अमेरिका-कॅनडाला जाताना अनेक इकॉनॉमी तिकिटांवर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. गफलत इथेच होते. एक बॅग २६ आणि दुसरी २० किलोची भरली, तर बेरीज ४६ असूनही पहिल्या बॅगेवर जादा शुल्क लागू शकतं. ३२ किलोंवरची बॅग तर सहसा घेतच नाहीत. पुढच्या विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर तिथे त्या कंपनीचा नियम चालतो. कधी पहिल्याच बॅगेचे पैसे भरावे लागतात. म्हणून बुकिंग करतानाच 'स्टुडंट फेअर' बघा, काही कंपन्या त्यावर जादा सामान नेऊ देतात. तरीही वजन वाढणारच असेल, तर ते आधीच ऑनलाइन घ्या. काउंटरवर सहसा महाग पडतं. आणि घरीच प्रत्येक बॅग वेगवेगळी तोलून बघा.