सुरतेचा आंबा : अढी आणि बरणी

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजराथेत लहानथोरांच्या तोंडी आहे. मराठी माणसाला मात्र सुरतेचे नाव निघाले की जेवण आठवत नाही, लूट आठवते. शिवाजी महाराज या शहरावर पहिल्यांदा चालून आले ते इ. स. १६६४ च्या जानेवारीत आणि दुसऱ्यांदा १६७० च्या ऑक्टोबरात. दोन्ही वेळी झाडाला आंबा नव्हता. त्या दिवसांत सुरतेच्या घराघरांत आंबा असलाच, तर तो कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मिठाच्या आणि तेलाच्या पहाऱ्यात, बरणीत बसून असणार. सोने, रुपे, मोती यांची मोजदाद करणाऱ्या बखरकाराला त्या बरणीची दखल घ्यावी असे वाटण्याचे काही कारण नव्हते. वखारीतील इंग्रजांनी ती पुढे घेतली. प्रस्तुत लेखाचा विषय तीच बरणी आहे.

थंड देशांत घरच्या बागेतील सफरचंदे पानगळीच्या सुमारास उतरतात आणि पुढे लांबलचक हिवाळा असतो. घरधनी ती माळ्यावर गवताच्या थरावर एकमेकांस लागणार नाहीत अशा बेताने मांडतो, नासके फळ दिसले की काढून टाकतो, बाकीची राखण थंडी करते. चांगल्या जातीचे फळ असे महिनोन् महिने टिकते. आंब्याचे नशीब नेमके उलट. तो पिकतो वैशाख-ज्येष्ठाच्या तलखीत, पिकला की चार-आठ दिवसांचा सोबती, आणि दाराशी मृगाचा पाऊस उभा. बरे, त्याला थंडीत ठेवावे तर तेही त्याला सोसत नाही. पुण्यास गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी करमरकर व जोशी यांनी १९३० नंतरच्या दशकात फळे शीतगृहात ठेवण्याचे प्रयोग केले, त्यांत हापूसही होता. सफरचंद शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास सुखाने राहते. कच्चा आंबा दहा-बारा अंशांच्या फार खाली नेला की त्याची साल काळवंडते आणि मागाहून तो धड पिकतही नाही. तेव्हा ज्या घरी पाच-पन्नास आंब्यांचे उत्पन्न होते, त्या घरच्या बायकांपुढे दोनच मार्ग होते. पिकवायचा असेल तर अढी, आणि पिकूच द्यायचा नसेल तर बरणी.

यांपैकी बरणीचे सर्वांत सविस्तर जुने वर्णन सुरतेचे नाही, आपल्या गोव्याचे आहे. यान हाउघेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ पासून पाचसहा वर्षे गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरवे आंबे मडक्यांत मिठात घालून ठेवतात, ते भाताबरोबर खातात, गोरगरिबांचे व गुलामांचे हेच नित्याचे अन्न, आंबा नसला तर त्याच्या जागी खारवलेली सुकी मासळी, असे तो सांगतो. कापल्यावर हे आंबे त्याला स्पेनच्या पांढऱ्या ऑलिव्ह फळांसारखे वाटले. आले आणि लसूण भरलेल्या आंब्यांचा एक निराळा प्रकारही त्याने नोंदला आहे. गोमंतकीय वाचकाला हे वाचताना परक्याच्या डोळ्यांनी स्वतःचेच स्वयंपाकघर पाहिल्यासारखे वाटेल. पेजेबरोबर लागणारी ती मिठातली ‘तोरां’ आणि दगडाखाली दाबून ठेवलेली ‘चेपणी’ चारशेहून अधिक वर्षांत फारशी बदललेली नाहीत. राजवटी किती बदलल्या याचा हिशेब इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, पण मडक्यातल्या मिठाचे प्रमाण त्या पुस्तकांत सापडत नाही.

गोव्याची ही रीत सुरतेच्या परदेशी पंगतीत कशी पोचली असावी, याचा धागा एका पाद्र्याने ठेवला आहे. जॉन ओव्हिंग्टन हा १६९० मध्ये सुरतेस आला आणि इंग्रजांच्या वखारीत धर्मोपदेशक म्हणून राहिला. त्याचे पुस्तक १६९६ मध्ये निघाले. वखारीच्या मुदपाकखान्यात तीन आचारी असत, असे तो लिहितो : एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी. पुलाव, कबाब, दमपुख्त कोंबडी यांच्या बरोबरीने भूक चाळवण्यासाठी बांबूच्या कोंबांचे आणि आंब्याचे लोणचे पानावर सदैव हजर असे. ‘अचार’ हा शब्द फारसी. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि इंग्रजांनीही. आपले ‘लोणचे’ लवणावरून आलेले, गुजराथ्यांचे ‘अथाणुं’ आथवण्यावरून म्हणजे आंबवून मुरवण्यावरून. तीन भाषांनी एकाच बरणीला तीन बाजूंनी हात लावला आहे.

त्याच सुमारास कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हाही सुरतेच्या वखारीत कित्येक वर्षे होता. शिवकालाच्या अभ्यासकांना तो परिचयाचा आहे. गोव्याच्या पिकल्या आंब्यापुढे ग्रीक पुराणांतली सोन्याची सफरचंदेही नुसत्या गोष्टी ठरतात, असा निर्वाळा त्याने दिला. पण या सोन्याच्या फळाची चव त्याच्या मायदेशातील कोणालाही घेता येणे शक्य नव्हते. सुवाळीच्या बंदरातून निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला पोचावयास कित्येक महिने लागत. पिकला आंबा चार दिवसांत समुद्रात टाकावा लागला असता. पोचत होती ती बरणी.

याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. इंग्लंडातील लोकांनी आंबा पाहिला तो लोणच्याच्या रूपाने, म्हणून ‘मँगो’ हे त्यांना फळाचे नाव न वाटता लोणच्याच्या एका रीतीचे नाव वाटू लागले. जॉन एव्हेलिन या विद्वानाचा भाजीपाल्यावरील ग्रंथ १६९९ चा. त्यात काकडीचा ‘मँगो’ करण्याची कृती आहे. काकडी पोखरावयाची, आत मसाला भरावयाचा आणि ती शिरक्यात मुरवावयाची. पुढे खरबुजाचे, पीचचेही ‘मँगो’ होऊ लागले. ही रीत वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेली आणि तिथल्या मध्यप्रांतात काही ठिकाणी भोपळी मिरचीलाच ‘मँगो’ म्हणण्याची चाल पडली. ज्यांनी आंब्याचे झाड जन्मात पाहिले नव्हते अशा गृहिणी आपल्याकडची भरली कैरी काकडीत आणि मिरचीत घडवीत होत्या. सुरतेच्या कापडाचा आणि निळीचा व्यापार अभ्यासकांनी पै-पैशाने मोजला आहे. या न मोजलेल्या निर्गतीकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. बहुधा ती बायकांच्या हातची होती म्हणून.

आता घराकडे वळू. माझी एक आत्या गोव्याहून लग्न होऊन सुरतेस गेली. गोपीपुऱ्यातले तिचे घर अरुंद, पण माळा ऐसपैस. तेथे दोन प्रांतांचे आंबे एका छपराखाली नांदत. शेजारणींकडून ती छुंदो शिकली : किसलेली राजापुरी कैरी, साखर आणि मीठ पातेल्यात घालून, तोंडाला फडके बांधून, पाक तारेवर येईपर्यंत आठदहा दिवस उन्हात ठेवावयाची. चूल नाही, धूर नाही, सूर्यच स्वयंपाकी. गोळकेरीही ती करी, गुळातली. परंतु चेपणीच्या तोरांसाठी मात्र तिचा जीव तळमळे. राजापुरी मोठी, मांसल, किसण्यास उत्तम. मिठाच्या पाण्यात अख्खी घालण्यास लहान, कोवळी, चिकाची गावठी कैरीच लागते. ती मिळवण्यासाठी आत्या बाजारात डांगकडून येणाऱ्या बायकांची वाट पाहत असे.

एका सुटीत मी माळ्यावर चढून त्या बरणीत ओला हात घातला. ‘ओलो हात लावूं नाका रे’ हे तिचे वाक्य मी शंभरदा ऐकले होते. आठ दिवसांनी बरणीवर पांढरी साय धरली, मग वास सुटला. आत्या रागावली नाही. तिने बरणी रिकामी केली, घासली आणि उन्हात पालथी घातली. त्या पावसाळ्यात पेजेबरोबर तिच्या पानात नुसते मीठ असे. आज इतक्या वर्षांनीही ते मीठ माझ्या डोळ्यांसमोर येते.

बरणीला स्नान करून, कोरड्या हाताने, सोवळ्यातच स्पर्श करावयाचा हा आपल्या घरांतील नियम. त्यामागे जंतुशास्त्र होते असे म्हणण्याची हल्ली चाल आहे. मला ते तितकेसे पटत नाही. आपल्या आज्यांना जंतू ठाऊक नव्हते आणि नियम पावित्र्यासाठीच होता. परंतु त्या नियमाने बरणी राखली, हेही तितकेच खरे. मीठ कैरीतले पाणी ओढून घेते आणि त्याच पाण्याची खार होते. कैरी खारीच्या वर डोके काढील तर बुरशी धरते, म्हणून वर दगड. तेलाचा थर हवेला अडवतो. बाहेरचे दोन थेंब पाणी या बंदोबस्ताला खिंडार पाडण्यास पुरे होतात, हे मी स्वतः सिद्ध करून दाखवले आहे.

अढीचे तंत्र याहून नाजूक. आंबा देठासह उतरवावयाचा, चीक सालीवर ओघळू द्यावयाचा नाही, भाताच्या पेंढ्यावर एक थर, वर पुन्हा पेंढा, खोली अंधारी, वारा बेताचा. दोनतीन दिवसांआड हात घालून चाचपावयाचे. डागाळलेला आंबा बाहेर. सफरचंदवालाही गवतच वापरतो, पण फळे एकमेकांपासून दूर ठेवून. आपण ती जवळ आणून झाकतो. या दोन रीतींचे गूढ १९३४ मध्ये उकलले. पिकते फळ इथिलीन नावाचा वायू स्वतःच सोडते आणि शेजारच्या फळाला पिकवते, हे रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने सफरचंदावरच सिद्ध केले. सफरचंदवाल्याला तो वायू पळवून लावावयाचा असतो, अढीवाल्याला कोंडावयाचा. व्यापाऱ्यांना मात्र आठदहा दिवस थांबवेना. त्यांनी कार्बाइडची पुडी आणली. तिच्या वायूने साल पिवळी होते, आत फळ आंबटच राहते, शिवाय त्या पुडीत विषारी अंश असतात. भेसळप्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांनी ती निषिद्ध ठरली आणि २०११ च्या नियमांनीही. तरी उन्हाळा आला की धाडी घालाव्या लागतातच.

आंबा पिकून विकण्यासाठीच लावावयाचा, ही दृष्टी कलमांबरोबर बळावली. कलमाची कला गोव्यात पोर्तुगीज काळात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांमुळे, रुजली असे मानतात. हापूस हे नाव अफोन्सो द आल्बुकेर्कवरून आले असे सरसकट सांगितले जाते. पण मनुची या सतराव्या शतकातील इटालियनाने गोव्याच्या उत्तम आंब्यांत निकोलाव अफोन्सो या नावाची जात नोंदली आहे आणि मला तीच व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते. गोवा जिंकणाऱ्या सेनापतीपेक्षा एखाद्या बागवाल्याचे नाव फळाला चिकटणे स्वाभाविक आहे. हा हापूस उत्तरेस वलसाडपर्यंत पोचला. सुरत-मुंबई लोहमार्ग १८६४ मध्ये पुरा झाल्यावर दक्षिण गुजराथच्या फळाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. नवसारी-गणदेवीचा मुलूख तेव्हा गायकवाडांचा, आणि १९४९ पर्यंत त्यांचाच होता. सुरतेवरील चौथाईचे हक्क पेशव्यांनी १८०२ च्या वसईच्या तहात सोडले, तरी मराठी कारभार असा शेजारीच नांदत होता.

कलमी बागांनी सुबत्ता आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बांधावरचा रायवळ आंबा त्यांच्यापुढे हरला. त्याचे फळ लहान, धाग्याचे, झाडागणिक निराळ्या चवीचे. बाजारात त्याला भाव नाही, आणि झाड उंच, म्हणून लाकडाला मात्र भाव. लोणच्याची करकरीत आंबट कैरी, पन्ह्याची कैरी, सासवात घालावयाचे गोमंतकीय घोट, हे सारे त्याच झाडांचे. बी रुजून आलेले प्रत्येक रायवळ झाड एकमेव असते. ते तोडले की ती चव पुन्हा लावता येत नाही. हापूसचे कलम कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. आत्याला हवी होती ती कैरी रोपवाटिकेत मिळत नाही.

सुरतेत आज मराठी बोलणारी फार मोठी वस्ती आहे. ती बहुतांशी धुळे, नंदुरबार, जळगाव या खानदेशच्या जिल्ह्यांतून कापडगिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या कामासाठी आलेली. उधना-लिंबायतच्या खोल्यांना माळा नाही, गच्चीवर ऊन आहे तर पातेले ठेवण्यास जागा नाही. त्यामुळे लोणचे गावी होते. मे महिन्याच्या सुटीत मुले आजोळी जातात आणि शाळा उघडण्याच्या सुमारास तापी खोऱ्याच्या गाडीने परततात, तेव्हा सामानात बरणी असते. जी सुरतेच्या धक्क्यावरून दूरदेशी जात असे, ती आता सुरतेच्या फलाटावर उतरते. पूर्वी ती चिनीमातीची असे, आता बहुधा प्लास्टिकची, परंतु तोंडावर दादरा आहे तसाच : जुन्या सुती साडीचा, दुहेरी, सुतळीने घट्ट आवळलेला. ती बरणी वरच्या फळीवर कोणी ठेवीत नाही. आई ती दोन्ही पावलांमध्ये धरून बसते, आणि गाडीने अंमळ हिसका दिला की पहिला हात मुलाकडे जातो, दुसरा बरणीच्या झाकणावर.